नेमकं कुठे बिनसतं? इंडी, रॉक आणि आपापले कान

मुठाकाठ

मंडळी, इथे रॉकवर धागा निघाला की दहाव्या प्रतिसादाच्या आत कुणीतरी "शेवटी ज्याची त्याची आवड" असं लिहून मोकळं होतं, आणि चर्चा तिथेच संपते. मला ते वाक्य पटत नाही. आवडी वेगळ्या असतात हे खरंच, पण का वेगळ्या हे बोट ठेवून सांगता येतं. "अमुक बँड भंगार आहे" यातून मला काहीच कळत नाही. "गायक वरच्या पट्टीत गेला की आवाज फाटतो, तिथे मी बंद करते" असं कुणी लिहिलं, तर मी तीच रेकॉर्ड पुन्हा लावून त्या जागेपाशी थांबून ऐकते.

म्हणून विनंती अशी की न आवडणारी (किंवा इतरांना न आवडणारी, पण तुमच्या जिवाभावाची) एखादी रेकॉर्ड घ्या आणि नेमकं कुठे बिनसतं ते लिहा.

सुरुवात मी करते. ओहायोतल्या डेटन गावचा गाइडेड बाय व्हॉइसेस हा माझा फार लाडका इंडी बँड (इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मागे न लागता स्वतःच्या बळावर गाणी काढणारे). रॉबर्ट पोलार्ड शाळेत शिक्षक होता. ही मंडळी घरातच, चार ट्रॅकच्या (आवाजाचे चारच थर घेणाऱ्या) कॅसेट रेकॉर्डरवर गाणी ध्वनिमुद्रित करायची. त्यांचा १९९४ चा 'बी थाउजंड' लावा. वीस गाणी, बरीचशी दोन मिनिटांच्या आसपासची. पहिल्याच गाण्यात गिटार मध्येच गायब होते आणि थोड्या वेळाने परत येते. त्यांनी ते दुरुस्त न करता तसंच ठेवलं. माझा नवरा तिथे दरवेळी विचारतो की स्पीकरची वायर निघाली का. मला मात्र त्या जागी तो टेक, ती खोली, ती माणसं समोर दिसतात.

आता न आवडणारं. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड'. गाणी उत्तमच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण १९८९ चा 'ब्लीच' सबपॉप लेबलसाठी ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये झाला होता आणि दोनच वर्षांनी 'नेव्हरमाइंड'मध्ये अँडी वॉलेसच्या मिक्सने (सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या त्याच्या पद्धतीने) प्रत्येक ड्रमला असा तुकतुकीत मुलामा दिला, की मला बँडऐवजी पॉलिशच ऐकू येतं. खुद्द निर्वाणाचा गायक कर्ट कोबेननेही पुढे त्या गुळगुळीतपणाबद्दल नाराजी बोलून दाखवली होती. १९९३ च्या 'इन युटेरो'त ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने माइक खोलीभर लावून ड्रम्सना हवा दिली, तिथे मला निर्वाणा सापडतो. अल्बिनी बँडकडून रॉयल्टी घ्यायचा नाही, एकरकमी मेहनताना घ्यायचा, कारण गाणी बँडची आहेत असं तो मानायचा. २०२४ च्या मे महिन्यात तो गेला, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

---

रंगभवनकर

धाग्याची अट आवडली. प्रामाणिकपणे लिहितो.

मी धोबी तलावच्या रंगभवनात ऐकायला शिकलो. झेवियर्सच्या शेजारचं उघडं नाट्यगृह, 'इंडिपेंडन्स रॉक', भिजलेले कपडे, आणि स्टेजवर रॉक मशीन हा बँड. त्या काळी "कव्हर्स (दुसऱ्या बँडची गाणी) वाजवा" असा गलका व्हायचा, तरी ते स्वतःची गाणी वाजवायचे. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले. जवळ रुग्णालयं असल्याने पुढे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातलं रॉक संपलं. ती जागा गेल्याची हळहळ अजून जात नाही.

माझं बिनसतं ते गाण्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. इंडी गाणं चढत जातं, चढत जातं, आता गिटार मोकळी सुटणार असं वाटतं, आणि ते तिथल्या तिथेच फिरत राहतं. तेच दोन कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर), फक्त जोरात. मला तिथे कुणीतरी पुढे येऊन बोलायला हवं असतं. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मोर काय करतो? गाण्यातले शब्द संपले की तो गिटारवर बोलतो. एकेक स्वर वाकवून, थांबून, श्वास घेऊन. ती तयारी आहे, वर्षानुवर्षांची. मुठाकाठ, तुमच्या चार ट्रॅकवाल्या मंडळींमध्ये मला ती तयारी ऐकू येत नाही, आणि तिच्याशिवाय माझं पोट भरत नाही.

अवांतर: लेड झेपलिनच्या पेज आणि प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली होती. आपल्या शहराचा या संगीताशी इतका जुना संबंध आहे हे तरुण मंडळींना माहीत असावं म्हणून लिहिलं.

---

सांजवारा

वाचतेय. विषय फार छान. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

गुरगुर

मी मेटलवाला, नाशिकचा. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले, ती माझी पंढरी. दोन गिटार एकमेकींपासून ठरावीक अंतरावरच्या स्वरांत तीच धून वाजवत पुढे सरकतात, ती जागा आली की आजही अंगावर काटा येतो.

माझं इंडीत बिनसतं ते उजव्या हातापाशी. मेटलमध्ये गिटारवादकाचा उजवा हात घड्याळासारखा चालतो. तार तळव्याने दाबून धरलेली, प्रत्येक फटका सुटा. इंडीत तोच हात सैल पडतो, तारा नुसत्या खाजवल्यासारख्या वाजतात आणि ड्रमर मागून ओढत येतो. पेव्हमेंट हा इंडी बँड मी दोनदा पूर्ण ऐकला. लय झोपाळलेली आहे आणि ती मुद्दाम झोपाळलेली आहे हे मला कळतं, पण कळूनही आवडत नाही.

आणि आधीच एक सांगून ठेवतो. कुणी "मेटलमध्ये नुसता आरडाओरडा असतो" असं लिहिणार असेल, तर ग्रोल (मेटलमधला गुरगुरल्यासारखा आवाज) ही शिकून येणारी गोष्ट आहे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्या थरथरवून तो आवाज निघतो. चुकीचा काढला तर घसा जातो. ओपेथचा मिकाएल आकरफेल्ट एकाच गाण्यात ग्रोल आणि अगदी मऊ गायन दोन्ही करतो. २०११ च्या 'हेरिटेज'पासून त्याने ग्रोल सोडला, तेव्हा आमच्यातच दोन तट पडले. २०२४ च्या अल्बममध्ये तो परत आणला, तेव्हा मी रडलो आहे.

---

षड्ज

मी या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार करत होते, कारण माझी तालीम किराणा घराण्याची आणि लहानपण मिरजेचं. रॉक घरात आलं ते मुलामुळे. पण प्रश्न "नेमकं कुठे" असा आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

मुलाने मला व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचा १९६७ चा पहिला अल्बम ऐकवला. लू रीड गायला लागला आणि मी दुसऱ्या ओळीला थांबवायला सांगितलं. तो स्वराच्या खाली येतो आणि तिथेच बसून राहतो. स्वराकडे जायची इच्छाच त्या आवाजात नाही. आमच्याकडे एखाद्याचा स्वर कमी लागला तरी तो वर जाण्यासाठी धडपडतोय हे कळतं आणि त्या धडपडीसाठी आपण माफ करतो. इथे धडपडच नाही. अर्धं बोलणं, अर्धं गाणं. माझ्या कानाला ते सोसत नाही आणि अजूनही सोसत नाही.

पण मुलाने थांबवलं नाही, म्हणून 'व्हीनस इन फर्स' लागलं. त्यात मागे काहीतरी सतत, न तुटता वाजतंय. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, बँडमधल्या जॉन केलचा व्हायोला (व्हायोलिनसारखं वाद्य), त्याला गिटारच्या तारा लावल्या आहेत. आणि लू रीडने गिटारच्या साऱ्या तारा एकाच स्वरात लावल्या आहेत. मग मी उठून बसले. एकाच स्वरात लावलेल्या तारा आणि त्यावर धरून ठेवलेला आवाज! ते गाणं मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त व्हायोलाचं बोट धरून ऐकलं.

पुढे वाचन केलं तेव्हा कळलं की केल न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग या संगीतकाराच्या मंडळींत वाजवायचा, आणि तिथे एकच स्वर दीर्घकाळ धरून ठेवण्याचंच काम चालायचं. ला माँट यंगने पन्नाशीच्या दशकातच अली अकबर खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली होती. आणि १९७० मध्ये, म्हणजे ही रेकॉर्ड निघून गेल्यावर, तो पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे किराणाच. मी ज्या घराण्यात शिकले त्याचाच एक धागा तिथे जाऊन मिळाला, हे वाचून मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही.

गुरगुर, तुमच्या ग्रोलबद्दल एक. मुलाने तेही ऐकवलं. मला त्याचा त्रास लू रीडपेक्षा कमी झाला. त्यात स्वर लावायचा प्रयत्नच नाही, त्यामुळे तो चुकत नाही. माझा कान तिथे आघात ऐकतो, पखवाजासारखा.

---

गुरगुर

षड्जताई, ग्रोलबद्दल इतकं नेमकं कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. आमच्या ग्रुपवर तुमचा प्रतिसाद चिकटवला तर चालेल का?

---

षड्ज

जरूर. आनंदच आहे.

---

फेडर

मी मुंबईत ध्वनिमुद्रणाचं काम करतो. वरच्या तिन्ही मुद्द्यांवर थोडं तांत्रिक लिहितो, कारण कानाला खटकतं त्यामागे बहुतेक वेळा मोजता येणारं कारण असतं.

रंगभवनकर काका, तयारीचा मुद्दा मान्य. पण गिल्मोरचा जो सोलो बहुतेकांना तोंडपाठ आहे, 'द वॉल'मधल्या 'कम्फर्टेबली नम'चा, तो एका दमात वाजवलेला नाही. त्याने पाच-सहा सोलो वाजवले आणि त्यातले चांगले तुकडे निवडून एक बांधला, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. म्हणजे तुम्हाला जी सलग बोलण्याची भावना येते, ती वाजवण्याइतकीच निवडण्यातून आली आहे. मी हे काम रोज करतो आणि मला ते वाजवण्याइतकंच मोलाचं वाटतं.

षड्जताई, तुमच्या कानाला गिटार एरवीही खटकत असणार, आणि त्याचं कारण गांधार, म्हणजे ग. गिटारचे पडदे समान अंतराच्या स्वरसप्तकात बसवलेले असतात. त्यातला शुद्ध गांधार तुमच्या तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा १४ सेंटने चढा असतो (एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा). तालीम झालेल्या कानाला एवढा फरक स्पष्ट कळतो. पंचमात मात्र फरक जेमतेम दोन सेंटचा, म्हणजे जवळपास नाहीच.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणं) लावलं की गांधार असलेला पूर्ण कॉर्ड चिखल होतो. म्हणून रॉक आणि मेटलचे गिटारवादक गांधार काढूनच टाकतात. उरतात फक्त सा आणि प. त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन. ते दोघं एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या फरकाचा स्वर तयार होतो, तो खालच्या सप्तकातला सा. कुणीही न वाजवता. गुरगुर यांना मेडनच्या मैदानात छातीत जे धडधडलं त्यात त्या न वाजवलेल्या षड्जाचा वाटा मोठा आहे.

---

मुठाकाठ

फेडर, असा प्रतिसाद यावा म्हणूनच धागा काढला होता. खालचा सा कुणीही न वाजवता येतो, हे वाचून मी ताबडतोब हेडफोन लावला.

रंगभवनकर, तुमच्या पोटासाठी एक सुचवते. टेलिव्हिजन या न्यूयॉर्कच्या बँडचा १९७७ चा 'मार्की मून'. शीर्षकगीत सुमारे दहा मिनिटांचं आहे. टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड, दोन गिटार, डिस्टॉर्शन जवळजवळ नाही, आणि मधला सोलो अगदी सावकाश जिना चढावा तसा चढतो. आम्हा इंडीवाल्यांच्या निम्म्या घराण्यांचं मूळ त्या रेकॉर्डमध्ये आहे. ऐकून कळवा.

---

धुकं

मँचेस्टरहून. इथे राहायला आल्यापासून जॉय डिव्हिजन हा माझ्यासाठी गावचा बँड झाला आहे, त्यामुळे त्यांच्यावरच लिहिते.

१९७९ चा 'अननोन प्लेझर्स'. फॅक्टरी रेकॉर्ड्स, निर्माता मार्टिन हॅनेट, स्टॉकपोर्टचा स्ट्रॉबेरी स्टुडिओ. हा बँड स्टेजवर दणदणीत, अंगावर येणारा होता. हॅनेटने त्यांना पार गार केलं. स्टिव्हन मॉरिसला ड्रम्स सुटे सुटे वाजवायला लावले, म्हणजे एका ड्रमचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये मिसळू नये. मग प्रत्येकावर डिजिटल डिले (प्रतिध्वनीसारखा परिणाम) लावला. स्टुडिओतल्या लिफ्टचा आवाजसुद्धा रेकॉर्डमध्ये आहे. परिणाम असा की ड्रम्स एका रिकाम्या गोदामात वाजताहेत आणि आपण बाहेरच्या बोळात उभे आहोत.

आता गंमत नाही, खरी गोष्ट: बँडमधला बासवादक पीटर हुक आणि गिटारवादक बर्नार्ड समनर या दोघांनाही ती रेकॉर्ड आधी अजिबात आवडली नव्हती. त्यांना हवा होता स्टेजवरचा दणका. म्हणजे ज्यांची गाणी त्यांनाच त्या रेकॉर्डचा आवाज खटकला, आणि आम्ही लाखो लोक नेमके त्याच आवाजाच्या प्रेमात पडलो. मुठाकाठ, म्हणूनच मला तुमचं 'नेव्हरमाइंड'बद्दलचं म्हणणं पूर्ण पटत नाही. बँडला जे नको होतं ते ऐकणाऱ्यासाठी वाईटच असेल असं नाही. वॉलेसने पॉलिश केलं नसतं तर ती रेकॉर्ड जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सनला मागे सारून पहिल्या क्रमांकावर गेली नसती, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांच्या हाती 'ब्लीच' कधी आलाच नसता.

न आवडणारं: मला प्रोग रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, सोसत नाही. सात मात्रांवरून पाचावर, पाचावरून अकरावर, आणि दरवेळी "बघा, आम्ही बदललं" असं सांगितल्यासारखं. रेडिओहेडचं '१५ स्टेप' पाच मात्रांचं आहे, पण ते पाचात आहे हे मला नाचून झाल्यावर कळलं. मात्रा मोजाव्या लागल्या की माझं गाणं सुटतं.

---

चौथी तार

पणजीहून, बास वाजवतो. धुकं यांनी हुकचं नाव काढलं म्हणून लिहायलाच हवं.

हुक बासच्या गळ्यावर खूप वरच्या जागी वाजवतो, त्यामुळे जॉय डिव्हिजनची धून बऱ्याचदा बासकडे असते आणि गिटार नुसती मागे खरवडत राहते. त्यामागचं कारण अगदी साधं आहे. सरावाच्या खोलीत समनरचा अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) इतका मोठ्याने वाजायचा की हुकला आपल्या स्वस्तातल्या अँपमधून खालचे स्वर ऐकूच यायचे नाहीत. वर वाजवलं की ऐकू यायचं. त्यातून एक अख्खी शैली जन्माला आली. मी वाजवायला लागलो ते त्या बासमुळे.

म्हणून माझं बिनसण्याची जागा सांगतो, आणि गुरगुर यांना ती माहीतच असणार: मेटॅलिकाचा १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल'. जेसन न्यूस्टेडने त्यावर बास वाजवला आहे, पण तो ऐकूच येत नाही. आधीचा बासवादक क्लिफ बर्टन अपघातात गेल्यावर हा मुलगा आला, मेहनत केली, आणि मिक्समध्ये त्याला पुसून टाकलं. मी ती रेकॉर्ड पुरी ऐकू शकत नाही. गाणी कितीही जबरदस्त असोत, माझा कान पहिल्या सेकंदापासून त्या न सापडणाऱ्या माणसाला शोधत राहतो.

आणि घरातल्या घरात चार ट्रॅकवर रेकॉर्ड करण्याची गोष्ट निघालीच आहे तर आमच्या गोव्याचं उदाहरण द्यायलाच हवं. रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर 'गोअन क्रेझी' केला, १९८४ मध्ये. वाद्यं स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतःचे, आणि कॅसेट पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. इंडी शोधायला डेटनला जायची गरज नाही एवढंच म्हणणं. मोठ्या कंपन्यांना नंतर यावं लागलं, इतका तो गोव्यात घरोघरी वाजत होता.

---

गुरगुर

चौथी तार, न्यूस्टेडवर अन्याय झाला यात शंका नाही. त्या रेकॉर्डच्या कोरडेपणाबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. बास नसल्यामुळे गिटार आणि ड्रम्स हाडांसारखे उघडे पडले आहेत. खालून काही उबदार नाही. न्यायव्यवस्था, युद्ध, राख झालेलं जग, अशा विषयांना तो निर्दयी आवाज शोभतो. लोकांनी घरी बास वाढवून केलेल्या आवृत्त्या मी ऐकल्या. अधिक भरदार आहेत, पण धार गेली.

मला मेटॅलिकाचा नकोसा होणारा आवाज २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'चा. तो इतका दाबून मोठा केला आहे की ड्रमचा प्रत्येक ठोका चिरकतो. तीच गाणी 'गिटार हीरो' या खेळात आली ती कमी दाबलेली होती आणि कितीतरी मोकळी वाटत होती. चाहत्यांनी पुन्हा मिक्स करा म्हणून अर्ज केले. फेडर, तुम्ही यावर लिहाल का?

---

फेडर

थोडक्यात: सीडीवर आवाजाची वरची मर्यादा ठरलेली असते. रेकॉर्ड जास्त मोठी वाटावी म्हणून हळू भाग वर ओढत नेले की मोठे भाग त्या मर्यादेवर आपटून सपाट होतात. ड्रमच्या ठोक्याचं टोकच छाटलं जातं, तेच तुम्हाला चिरकल्यासारखं ऐकू येतं. स्ट्रीमिंग सेवा आता सगळ्या गाण्यांचा सरासरी आवाज सारखा करून वाजवतात, त्यामुळे या शर्यतीत मिळवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी सवयीने अजून चालू आहे.

---

दुसरी पाळी

सर्वांचं वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. पण मी वेगळ्या जागी अडकतो. मी कोल्हापूरचा, शिक्षण मराठीत. इंग्रजी गाण्यातले शब्द मला ऐकून कळत नाहीत, आणि शब्द कळले नाहीत तर गाणं मला बाहेरच उभं करतं. माझं रॉक म्हणजे द लोकल ट्रेन हा हिंदीत गाणारा बँड. 'आलस का पेड' आला तेव्हा मी कारखान्यात नुकताच लागलो होतो, रात्रपाळी सुटली की बसमध्ये तेच ऐकायचो. रमण नेगी २०२२ मध्ये बँड सोडून गेला त्याचं फार वाईट वाटलं. प्रतीक कुहाडची हिंदी गाणी आवडतात, इंग्रजी आली की पुढे ढकलतो.

आणि मनापासून वाटतं की हे मराठीत हवं. अभंग रिपोस्ट ही मुंबईची मंडळी तुकोबांचे, संतांचे अभंग बास-ड्रम्स-गिटारवर गातात. मी त्यांना ऐकलं आणि घरात मोबाइलच्या स्पीकरवर लावलं. माझी आजी वारकरी. तिने टाळ काढला आणि ड्रम्सबरोबर धरला. तिला ठेका एका क्षणात सापडला.

---

रंगभवनकर

दुसरी पाळी, आमचंही वेगळं नव्हतं. रंगभवनात निम्म्या मुलांना शब्द कळायचे नाहीत, आम्ही कोरस पाठ करून ओरडायचो. तरी तुमची तक्रार रास्त आहे. आपल्या भाषेत ओरडायला मिळणं ही चैन आमच्या पिढीला मिळाली नाही.

मुठाकाठ, 'मार्की मून' रात्री दोनदा ऐकला. पहिल्यांदा गायकाच्या आवाजाने हैराण झालो, गळा आवळल्यासारखा गातो. पण सोलो! तो एकेक पायरी चढत जातो, चढत जातो, आणि वर पोचल्यावर सगळे वादक एकदम हलके होतात, पक्षी उडाल्यासारख्या तारा वाजतात. तो आवाज माझ्या चाळीस वर्षांच्या ऐकण्यात कधी आला नव्हता. पेव्हमेंटबद्दल मत बदललेलं नाही, आणि बदलेल असं वाटत नाही. पण टेलिव्हिजन आता माझा.

---

मुठाकाठ

काका, माझा आजचा दिवस सार्थकी लागला.

दुसरी पाळी, तुमच्या आजीचं वाचून फार बरं वाटलं. शब्दांच्या बाबतीत मी नेमकी उलट आहे. कळणारे शब्द असले की माझं लक्ष तिकडेच जातं आणि बाकीचं ऐकू येत नाही. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँड ऐकला आहे का? 'बिस्मिल्लाह', २०१९. सूर्यकांत साहनी इंग्रजीत गातो, पण जुन्या हिंदी सिनेमातल्या क्लबगीतासारखा, ट्रम्पेट वगैरे घेऊन. शब्द सुटले तरी मूड सुटत नाही. लिफाफा या नावाने तो हिंदीतही गातो, तिथून सुरुवात करून बघा.

---

धुकं

पीटर कॅटवर असहमत. साहनीचा आवाज सुंदर आहे, पण तो आपण सुंदर गातोय हे एक क्षणही विसरत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज जरा लांबवून, थरथरवून सोडतो. तिथेच माझं बिनसतं. जॉय डिव्हिजनच्या इयन कर्टिसचा आवाज त्यापुढे कितीतरी साधा आहे, जाड, थोडा अवघडलेला, आणि तो मला खरा वाटतो. मात्र लिफाफा मलाही आवडतो. हिंदीत तो कमी नटतो.

---

षड्ज

दुसरी पाळी, तुमच्या अभंगांबद्दल. मीही ऐकले. ठेका उत्तम, उत्साह खरा, आणि आजींनी टाळ धरला यात नवल नाही. माझं बिनसतं ते एकाच जागी. गायक भूप रागाच्या अंगाने जातो आणि गांधारावर थांबतो, नेमकं तेव्हाच गिटार पूर्ण कॉर्ड वाजवते. फेडर यांनी लिहिलेले ते चौदा सेंट मला तिथे ऐकू येतात. दोन गांधार एकमेकांना घासतात. गायक चांगला असला की तो नकळत गिटारच्या गांधाराकडे सरकतो, आणि मग अभंगातली ती शांत जागा जाते. फेडर, यावर काही उपाय आहे का, की हे असंच चालायचं?

---

फेडर

आहे, आणि सोपा आहे. गायक गांधारावर थांबतो तेवढ्या जागी गिटारने गांधार सोडून द्यायचा, फक्त सा-प धरायचं. गांधार गायकाचा गायकाकडे राहतो. मी स्टुडिओत गिटारवादकांना हे बऱ्याचदा सुचवतो आणि फरक पहिल्याच टेकमध्ये कळतो. थोडं डिस्टॉर्शन ठेवलं तर खालचा षड्जही मिळतो, म्हणजे तंबोऱ्याचं कामही थोडंफार होतं. कीबोर्ड असेल तर त्यालाही हेच सांगावं लागतं, नाहीतर गिटारने सोडलेला गांधार तो वाजवतो.

ज्यांच्या घरी गिटार आणि गाणारं माणूस दोन्ही आहे त्यांनी करून बघा. आधी भूपातली कुठलीही ओळ पूर्ण कॉर्डवर गा, मग तीच फक्त सा-प वर. दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून इथे टाका, आवाजाची पातळी मी सारखी करून देतो, म्हणजे मोठं वाजतं म्हणून बरं वाटलं असं व्हायला नको.

---

दुसरी पाळी

माझ्या मित्राकडे गिटार आहे. रविवारी सुट्टी आहे, आजीला गायला बसवतो.